नाल्याचे पंचांग

नरकचतुर्दशीच्या पहाटे सोलापूरच्या गटारांना एक छोटासा पूर येतो, आणि त्याची दखल कोणीच घेत नाही. चार-साडेचारपासून घरोघर न्हाणीघरांत दिवे लागतात, तेल-उटण्याचा वास सुटतो, पायाखाली कारीट फुटते, आणि सूर्य उगवायच्या आत अर्ध्याअधिक शहराच्या आंघोळीचे पाणी मोऱ्यांतून जमिनीखाली निघून जाते. एरवी हेच पाणी सकाळच्या चार-पाच तासांत सावकाश वाटून गेले असते. गटारांचे शास्त्र जाणणाऱ्याला यात नवल वाटत नाही. गटारालाही नाडी असते. पहाटे ती मंद, सकाळी जलद, दुपारी मध्यम आणि संध्याकाळी पुन्हा थोडी जलद. पाऊस नसेल तेव्हाच्या या वाहण्याला ‘कोरड्या दिवसाचा प्रवाह’ म्हणतात. तो आदल्या दिवशी सांगून ठेवता येतो, आणि दिवाळीच्या दिवशी तर घड्याळ लावून सांगता येतो.

सांगता येत नाही, किंवा फार दिवस सांगता येत नव्हता, तो पावसाचा प्रवाह. आभाळ फाटल्यावर नाल्यात किती पाणी येईल, त्यातले किती निव्वळ पावसाचे आणि किती आपल्या मोरीचे, ते कोठे फुटून बाहेर पडेल, आणि खालच्या तळ्याचे वा नदीचे त्याने काय होईल, या प्रश्नांचा इतिहास लहान नाही. दिवाळीच्या फराळाशेजारी नाल्याचे पुराण उघडले म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. नरकासुराच्याच दिवसाची ही कथा आहे.

पावसाचे भाकीत आपल्याला नवे नाही. महाराष्ट्राच्या घराघरांत भिंतीला टांगलेले दाते पंचांग सोलापूरहून निघते, आणि त्याने वयाची शंभरी केव्हाच ओलांडली आहे. सूर्य कोणत्या नक्षत्रात जाईल, त्या वेळी वाहन बेडूक असेल की मेंढा, हत्ती की मोर, हे त्यात वाचून शेतकरी मनाशी काही आडाखे बांधतो. त्या आडाख्यांच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. पण पंचांगकर्त्याची एक शिस्त मला नेहमी मोहवते. तो आकाशाच्या घडामोडींचा हिशेब वर्षभर आधी मांडून ठेवतो. नाल्याच्या घडामोडींचा असाच हिशेब मांडायला माणसाला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

त्याआधी सोलापूरची गोष्ट. हे शहर पाण्याच्या काठी वसलेले नाही. पाणी येथे माणसाने वसवले. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ‘सोन्नलगी’ या त्या वेळच्या लहानशा गावी तळे खणवले. ते आज भुईकोट किल्ल्याच्या तटाशी, मधोमध देऊळ घेऊन उभे आहे. वीरशैव वाङ्मयात एक मोठी रसाळ कथा आहे. अल्लमप्रभू सोन्नलगीला आले आणि तळे खणण्याच्या कामात गढलेल्या सिद्धरामांना त्यांनी वडार म्हणून हिणवले. माती उपसून का कोठे मोक्ष मिळतो, असा त्यांचा रोख. पुढे सिद्धराम कल्याणच्या शरणांत गेले, योगी झाले, त्यांनी कन्नडमध्ये वचने रचली. पण सोलापूरकरांनी त्यांना लक्षात ठेवले ते तळ्यासह. अल्लमप्रभूंचा अधिकार मोठा, हे मान्य करूनही मला या बाबतीत गावाचेच मत पटते.

अशा तळ्याची विद्या सोपी आणि सूक्ष्म असते. भोवतालच्या माळाचा उतार पाहायचा, पावसाचे पाणी आपसूक कोठे जमते ते पाहायचे, आणि तेथेच खणायचे. म्हणजे पाऊस पडल्यावर सगळा परिसर आपले पाणी तळ्याला आणून देतो. आठशे वर्षे हा करार चालला. मग त्याच उतारावर घरे झाली, पेठा झाल्या, रस्ते झाले. उतार तोच राहिला, पाणी तेच राहिले; फक्त माळावरून येणारे पाणी आता वस्तीतून येऊ लागले. जी रचना तळे भरण्यासाठी होती, तीच तळे नासवण्याला उपयोगी पडू लागली. यात सिद्धरामांचा दोष नाही, आणि पावसाचा तर नाहीच नाही.

एकोणिसाव्या शतकात दुसरे मोठे पाणी आले. १८६६ ते १८७१ या काळात शहराच्या ईशान्येला आदिला नदीचे खोरे अडवून एकरूखचा, म्हणजे आपल्या बोलण्यातला हिप्परग्याचा, तलाव बांधला गेला. सव्वा मैलाहून लांब मातीचा बांध घातलेला हा तलाव त्या काळी मुंबई इलाख्यातल्या मोठ्या तलावांत मोडत असे. बांधला शेतीसाठी, पण त्याच शतकात सोलापूर शहराला नळाने पाणी मिळू लागले तेही त्याचेच. नगरपालिका १८५२ पासून होती. कापडाच्या गिरण्या आल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, वस्ती वाढली. आणि मग जे सगळीकडे घडले तेच येथे घडले. घरात पाणी आणण्याचा उत्साह मोठा, घरातून गेलेल्या पाण्याचे काय होते याची चौकशी कमी. मुंबईत विहारचे पाणी १८६० साली आले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्या शहराच्या गटारांवर अहवालांमागून अहवाल लिहिले जात राहिले. पावसाचे आणि मोरीचे पाणी एकाच नळातून न्यावे की दोन वेगळ्या, हा त्यातला मुख्य वाद.

हा वाद लंडनहून आलेला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला असा दुर्गंध सुटला की नदीकाठच्या पार्लमेंटला बसणे अशक्य झाले. तेव्हा कोठे जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरला मोठी गटारे बांधायला पैसा मिळाला. त्याने नदीला समांतर जाणारी गटारे घातली, म्हणजे नदीत पडणारे सारे ओहळ आधी त्यांत पडावेत आणि मैला शहराबाहेर खाली जावा. गंमत अशी की, पटकी ही दुर्गंधाने होते अशीच त्या काळी बहुतेकांची समजूत होती. समजूत चुकीची, उपाय बरोबर. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात दाखवून दिला, तोवर बॅझलजेटची गटारे वाहू लागून बरीच वर्षे झाली होती.

पण बॅझलजेटपुढे एक प्रश्न होता: पावसाळी पाण्याला जागा किती ठेवायची? सगळ्या पावसाला पुरेल एवढे गटार बांधायचे तर तिजोरी रिकामी होईल. त्याने दिवसाला पाव इंच पाऊस धरला. त्याहून अधिक पडला तर गटाराच्या भिंतीत ठेवलेल्या उंबऱ्यावरून पाणी उसळून सरळ टेम्समध्ये पडावे, अशी तजवीज केली. पुढे इंग्लंडात बराच काळ असा ठोकताळा चालला की, कोरड्या दिवसाच्या सहापट प्रवाह झाला की उरलेले नदीत सोडावे. पावसाने ते पातळ झालेलेच असते. जगातल्या जुन्या शहरांच्या पोटात असे हजारो उंबरे आहेत. ते कोणाच्या नजरेस पडत नाहीत, आणि पाऊस पडला की गुपचूप वाहतात.

ते केव्हा वाहतील हे सांगायचे कसे? पहिली किल्ली आयर्लंडच्या थॉमस मल्व्हेनी याने १८५१ साली दिली. त्याला गटाराची नव्हे, नदीच्या पुराची चिंता होती. त्याने मांडलेली कल्पना सोलापूरकराला गड्ड्याच्या यात्रेवरून चटकन कळेल. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात आणि अक्षता सोहळ्यासाठी सारे शहर तळ्याकडे लोटते. जवळच्या गल्लीतली माणसे आधी पोचतात, लांबच्या पेठेतली मागाहून. सगळ्यात लांबचा माणूस येऊन पोचला आणि पहिले अजून निघाले नाहीत, त्या घटकेला गर्दी कळसाला पोचते. पाण्याचेही तसेच. खोऱ्याच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यातला थेंब नाल्याच्या तोंडाशी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ पाऊस जोराने टिकला, की नाला आपल्या भरतीला पोचतो. जमिनीचे क्षेत्र, पावसाचा जोर आणि जमिनीत न मुरता वाहून जाणारा हिस्सा या तिघांचा गुणाकार केला की पाण्याचा आकडा हाती येतो. १८८९ साली अमेरिकेत एमिल क्युक्लिंग याने आणि १९०६ साली इंग्लंडात लॉइड-डेव्हिस याने हा गुणाकार शहरी गटारांसाठी मांडला. कोठलाही इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आजही पहिल्यांदा हेच शिकतो.

आपण एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. एक चौरस किलोमीटरची दाट वस्ती घ्या. माणसे पंधरा हजार, माणशी शंभर लिटर सांडपाणी. दिवसाचे झाले पंधरा लाख लिटर, तासाचे सरासरी साडेबासष्ट हजार. आता त्याच वस्तीवर तासाभरात पंचवीस मिलिमीटर, म्हणजे इंचभर पाऊस पडू द्या. आकाशातून आलेले पाणी अडीच कोटी लिटर. निम्मे मुरले असे धरले तरी सव्वा कोटी लिटर नाल्याकडे धावते, मोरीच्या पाण्याच्या दोनशे पट! सहापट पाणी वाहून नेणारे गटार बांधले असले तरी त्याच्या पोटात मावते ते पावणेचार लाख लिटर. बाकीचे झाकणे उचलून रस्त्यावर येते आणि येताना एकटे येत नाही.

कागदावर आपल्या बहुतेक शहरांत पावसाचे आणि मोरीचे पाणी वेगवेगळ्या वाटांनी जाते. प्रत्यक्षात पन्हाळीचा नळ गटाराला जोडलेला असतो आणि संडासाचा नळ ओढ्याला. ही सोयरीक कोणी कोठे नोंदवलेली नसते. तेव्हा नावाला दोन वाटा असल्या, तरी पावसाच्या दिवशी एकच होतात.

आता या कथेतली सोलापूरची खास गोष्ट. कोणी म्हणेल, हे शहर पर्जन्यछायेतले. वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा भाद्रपद-आश्विनात. येथे कसली आली गटारांच्या पुराची भीती? रत्नागिरीकराने असे म्हटले तर त्याला क्षमा करावी. पण नासाडीचा हिशेब एकूण पावसावर होत नाही. दोन पावसांच्या मधल्या कोरड्या दिवसांत रस्त्यांवर धूळ, शेण, तेल, कचरा साचतो. गटाराच्या तळाशी सावकाश वाहणाऱ्या पाण्यातला गाळ बसतो. मग एक सर कोसळते आणि हे सारे खरवडून काढते. या पहिल्या लोटात घाण सर्वांत दाट असते. नंतरचे पाणी त्या मानाने निवळ. मोठ्या, पसरलेल्या शहरात ठिकठिकाणचे लोट वेगवेगळ्या वेळी येतात म्हणून ही गोष्ट पुसट होते, पण लहान नाल्यावर ती डोळ्यांनी दिसते. कोकणात आषाढाच्या पहिल्या आठवड्यात गटारे धुऊन निघतात आणि पुढे दोन महिने धुतलेल्या गटारांतून पाणी वाहते. सोलापुरात एक सर येते, मग दहा दिवस ऊन, मग दुसरी. येथे प्रत्येक पाऊस पहिला पाऊस असतो.

म्हणूनच महापुराच्या दिवशी पाहणी करून हा प्रश्न समजत नाही. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून तेलंगणामार्गे आलेल्या वादळी पावसाने जिल्हा बुडाला. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने गावेच्या गावे पाण्यात घेतली. त्या आपत्तींची दुःखे निराळी आणि फार मोठी. पण पाण्याच्या नासाडीपुरते बोलायचे तर महापुरात घाण निदान पातळ होते. तळ्याचा घात करतो तो बारा-पंधरा मिलिमीटरचा, संध्याकाळी साडेपाचला येऊन सहाला थांबणारा वळीव. त्याची वर्तमानपत्रात ओळही येत नाही. लोक म्हणतात, बरे झाले, गारवा आला.

पुढे तळ्यात काय घडते हे समजायला ओहायो नदीच्या काठी जावे लागते. तेथे स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ साली दाखवले की नदीत मैला पडला की जंतू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. त्याच वेळी वरच्या हवेतून नवा प्राणवायू पाण्यात उतरत असतो. खर्च आणि जमा यांची ही शर्यत त्यांनी गणितात बांधली. तिच्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. नदीचा सर्वांत वाईट ठिकाणा नाला पडतो तो नव्हे. तो त्याच्या कित्येक मैल खाली असतो. नाल्याच्या तोंडाशी उभे राहून, पाणी फारसे वाईट नाही, असे म्हणणारा अधिकारी खोटे बोलत नसतो. तो फक्त चुकीच्या जागी उभा असतो.

वाहत्या नदीला निदान ‘खाली’ असते. सिद्धेश्वर तळ्याला ते नाही. तेथे आलेले तेथेच राहते. खताने माजलेले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री तोच ओढून घेते. त्यामुळे अशा कोंडलेल्या पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. संध्याकाळी सर आली, रात्र ढगाळ गेली, की पहाटे मासे पाण्यावर तोंड काढतात. संध्याकाळच्या सरीवरून पहाटेचे हे संकट सांगता येणे म्हणजेच नाल्याचे पंचांग. सिद्धेश्वर तळ्यातल्या शेवाळाच्या आणि सांडपाण्याच्या तक्रारी सोलापूरकरांना नव्या नाहीत. संभाजी तलाव जलपर्णीने झाकलेला पाहिलेली माणसे तर असंख्य असतील.

जगात हे पंचांग आता यंत्रावर मांडतात. १९७१ च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असा एक गणिती नमुना तयार करवला की त्यात शहराचे छप्पर-रस्ते-नळ भरले, पाऊस भरला, की कोणत्या तोंडातून किती पाणी आणि किती घाण केव्हा पडेल ते निघते. तो कोणालाही विनामूल्य मिळतो. कोपनहेगनने २००२ पासून बंदरात पोहण्याची ठिकाणे उघडली ती अशा अंदाजांच्या भरवशावर; गटार उसळणार असे दिसले की स्नान बंद. पॅरिसने २०२४ च्या ऑलिंपिकसाठी पाच कोटी लिटर पावसाळी पाणी धरून ठेवणारा हौद जमिनीखाली बांधला. तरी उद्घाटनाच्या दिवशी पाऊस झाला आणि ३० जुलैची पुरुषांची त्रिविध शर्यत सीन नदीचे पाणी दूषित म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली. म्हणजे पैसा ओतूनही पाऊस ऐकत नाही. पण शर्यत कोणत्या सकाळी घेऊ नये हे त्यांना कळले, आणि ते कळण्यासाठी रोज नदी मोजलेली होती.

आपल्याकडे मोजले जाते ते आकाश. पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतात: मागच्या चोवीस तासांत इतके मिलिमीटर. शेतकऱ्याला ती पुरते, नाल्याला पुरत नाही. पंधरा मिलिमीटर चोवीस तासांत रिमझिमला की अर्ध्या तासात कोसळला, यावर सारे अवलंबून. दर पाच-दहा मिनिटांची नोंद हवी, आणि तिच्याशेजारी नाल्यातल्या पाण्याच्या उंचीची. गंमत पाहा: २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने याच सोलापुरात रडार ठेवून, पर्जन्यमापकांचे जाळे पसरून, विमानातून ढगांत बीजे पेरण्याचा प्रयोग केला. ढगातून थेंब कसा सुटतो हे पाहायला देशातले शास्त्रज्ञ सोलापुरास आले. तोच थेंब जमिनीवर पडल्यानंतर कोठे जातो हे पाहायला विमान लागत नाही. नाल्याच्या पुलाला एक खुणांची पट्टी, एक घड्याळ आणि पावसात बाटली भरून आणणारा एक इमानी माणूस लागतो. दोन पावसाळ्यांच्या अशा वहीतून जे निघेल, ते परक्या शहराच्या आकड्यांवर चालवलेल्या उत्तम यंत्रातूनही निघणार नाही.

आणि हे प्रकरण शहरापुरते राहत नाही. सोलापूरचे आजचे पाणी मुख्यतः भीमेचे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्यात मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांच्या वाटेने पुणे-पिंपरीचे सांडपाणीही येते. उजनीतून काही पाणी नळाने थेट शहरात येते. काही नदीत सोडतात, ते पंढरपुरावरून वाहत टाकळीजवळच्या बंधाऱ्यात आले की तेथून उचलतात. म्हणजे पुण्यात वळीव कोसळला की तो लोट आपल्या वाट्याला येणार, वारीच्या दिवसांत चंद्रभागेवर सर आली की तोही येणार. वाटेतले लांब अंतर आणि धरणाचा प्रचंड साठा त्यांची धार बोथट करतात एवढेच. शुद्धीकरण केंद्रातल्या माणसाला उद्या किती तुरटी आणि किती क्लोरीन घालायचे ते आज कळले तर त्याला ते हवेच आहे.

आपण वरच्यांविषयी तक्रार करतो, ती रास्त आहे. सोलापूरला देगावला सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. पण केंद्र कोठलेही असो, त्याच्या दारापर्यंत न पोचता वाटेतच उसळलेले पाणी त्याच्या हिशेबात येत नाही. आदिलेतून आणि ओढ्यांतून ते सीनेला मिळते. सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, आपल्या टाकळीच्या उपशाच्या खाली. मराठीच्या आद्य शिलालेखांत ज्याची गणना होते तो शके ९४० चा लेख त्या संगमावरच्या देवळात आहे. तेथून भीमा कर्नाटकात शिरते, आणि तिच्या काठच्या गावांतली माणसे घागर घेऊन नदीवर येतात तेव्हा सोलापुरात आदल्या दिवशी संध्याकाळी पाऊस झाला होता की नाही, हे त्यांना कोणी कळवलेले नसते.